टीकेसाठी घेतलेली क्लिप, स्वामित्वहक्काची नोटीस आणि अनुच्छेद १९

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकहून एक छोटे मराठी यूट्यूब चॅनल चालवतो. एखादी घटना वृत्तवाहिन्यांनी कशी दाखवली, कोणता तपशील पुढे आणला, कोणता गाळला आणि दृश्यांवर कोणता मजकूर चढवला, याची चिकित्सा हाच या चॅनलचा विषय आहे. अलीकडे कांद्याचे लिलाव बंद पडल्याच्या बातमीचे तीन वाहिन्यांवरचे वार्तांकन शेजारी शेजारी ठेवून मी एक व्हिडिओ केला. त्यात प्रत्येक वाहिनीची काही सेकंदांची क्लिप आहे, ती कोणाची आहे हे वाहिनीच्या बोधचिन्हासह पडद्यावर दाखवले आहे आणि प्रत्येक क्लिपनंतर त्या दृश्याच्या मांडणीविषयी माझे विवेचन आहे. एकूण व्हिडिओच्या मानाने क्लिपांचा भाग अगदी थोडा आहे.

त्यांपैकी एका क्लिपवर हक्क सांगणाऱ्या संस्थेने यूट्यूबकडे तक्रार केली, व्हिडिओ उतरवला गेला आणि चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबने चॅनलच्या नावावर घातलेली हक्कभंगाची नोंद, आला. पाठोपाठ ईमेल आला की वार्षिक परवान्याचे शुल्क भरल्यास तक्रार मागे घेण्यात येईल. ही रक्कम माझ्या आवाक्याबाहेरची आहे, पण ती कमी असती तरी मला हाच प्रश्न पडला असता. वर्तमानपत्रातल्या अग्रलेखावर टीका करणारा माणूस त्यातली दोन वाक्ये उद्धृत करतो, आणि त्यासाठी त्याला कोणी परवाना मागत नाही. मग दृश्यावर टीका करणाऱ्याने ते दृश्य न दाखवता टीका करायची कशी? ज्याच्यावर टीका करायची त्याचीच आधी परवानगी घ्यावी लागत असेल, तर त्या टीकेला काय अर्थ उरतो?

मला फुकट काही नको आहे. त्या कॅमेऱ्यामागे उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या कष्टांची मला जाणीव आहे. तरीही मला हे समजून घ्यायचे आहे की अशा वापराची मुभा हा माझा हक्क आहे की हक्कदाराची मेहेरबानी. संविधानातल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा यात काही संबंध येतो का. आणि न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत कोणाचा शब्द चालतो.

न्यायवाचक

मी पुण्यात वकिली करतो. तुमचा व्हिडिओ आणि आलेली नोटीस मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या प्रकरणाचा निकाल इथे बसून देता येणार नाही. कायदा काय म्हणतो एवढे मात्र सविस्तर सांगतो.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील कलम ५२ हे हक्कभंग न ठरणाऱ्या कृत्यांचे कलम आहे. त्याच्या पहिल्याच खंडात रास्त वापराची तीन प्रयोजने दिली आहेत: संशोधनासह खासगी वापर, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन. यातील टीकेच्या प्रयोजनाबाबत कायद्याने एक महत्त्वाची भर घातली आहे, ती अशी की टीका त्याच कृतीवरची असो किंवा अन्य कोणत्याही कृतीवरची असो, तिला हे संरक्षण मिळते. म्हणजे एका वाहिनीचे वार्तांकन दुसरीच्या वार्तांकनाशी ताडून पाहण्यासाठी दोन्हींचे अंश घेणे कायद्याच्या शब्दांत बसते. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी या खंडात साहित्यिक, नाट्य, सांगीतिक आणि कलात्मक कृतींचाच उल्लेख होता. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण त्यात नव्हते, त्यामुळे दृकश्राव्य क्लिप दाखवून समीक्षा करणाऱ्याची बाजू दुबळी होती. दुरुस्तीनंतर संगणक आज्ञावली वगळता कोणतीही कृती त्यात येते. वाहिनीच्या प्रक्षेपणावर कलम ३७ प्रमाणे वेगळा हक्क असतो, पण त्यालाही कलम ३९ ची मर्यादा आहे. वार्तांकनासाठी किंवा प्रामाणिक समीक्षेसाठी प्रक्षेपणातील अंशांचा रास्त वापर तिथेही मोकळा ठेवला आहे.

संविधानाशी संबंध येतो का, असे तुम्ही विचारले आहे. येतो. वायली ईस्टर्न विरुद्ध इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या मध्यावरच स्पष्ट केले की कलम ५२ चा मूळ हेतू अनुच्छेद १९(१) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणे हा आहे. त्यामुळे टीकेची मुभा ही हक्कदाराच्या मर्जीवर चालणारी सवलत आहे, असे मी मानत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सीसीएच प्रकरणात तर रास्त वापराला थेट वापरकर्त्याचा हक्क म्हटले आहे.

आता एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरला आहे. तीस सेकंदांपर्यंतची क्लिप किंवा दहा टक्क्यांपर्यंतचा मजकूर चालतो, असा कोणताही आकडा आपल्या कायद्यात नाही. न्यायालये किती घेतले, त्या घेतलेल्या भागाचे मूळ कृतीत मोल काय, ते कशासाठी घेतले आणि त्यामुळे मूळ कृतीची बाजारातली जागा हिरावली जाते का, हे पाहतात. अमेरिकेत हार्पर अँड रो विरुद्ध नेशन या १९८५ च्या निकालात माजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या दोन लाख शब्दांच्या अप्रकाशित आत्मकथनातून सुमारे तीनशे शब्द घेतले होते आणि तरीही तो हक्कभंग ठरला, कारण ते शब्द त्या पुस्तकाचा गाभा होते आणि प्रकाशनाआधीच ते छापले गेले. उलट बाजूने पाहिले तर २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात, गप्पांच्या कार्यक्रमात एका पार्श्वगायिकेने स्वतःच गायलेल्या गाण्यांच्या काही ओळी म्हटल्या एवढ्यावरून हक्कभंग मानायला नकार दिला. वापर इतका क्षुल्लक असेल तर कायद्याने त्याची दखलच घेऊ नये, असे तत्त्व खंडपीठाने त्यात लावले. तुमच्या बाबतीत सेकंद किती भरतात यापेक्षा, क्लिपनंतरचे विवेचन खरोखर त्याच दृश्याविषयी आहे का, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरेल. क्लिप विवेचनाचा आधार असेल तर तुमची बाजू बळकट आहे. ती नुसती पडदा भरण्यासाठी असेल तर नाही.

काळा-पांढरा

मी वृत्तछायाचित्रकार आहे, आणि वरचे सगळे मान्य करूनही मला दुसरी बाजू ठामपणे मांडायची आहे, कारण अशा चर्चांमध्ये ती नेहमी एका वाक्यात आटोपली जाते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला तेव्हा मी छातीभर पाण्यातून जाऊन छायाचित्रे काढली. त्यातली काही पुढे कितीतरी संकेतस्थळांवर, चित्रफितींत आणि पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर नावाशिवाय दिसली. विचारणा केली की एकच उत्तर मिळायचे: बातमी सर्वांची असते. बातमी सर्वांची असते हे खरेच आहे. पूर आला, गाव वेढले गेले, लोक छपरांवर बसले, यावर माझी मालकी कशी असेल? पण कोणत्या क्षणी, कोणत्या कोनातून आणि कोणत्या उजेडात ते टिपायचे, हे मी ठरवले होते, आणि कायदा माझा हक्क मानतो तो एवढ्याच गोष्टीवर. माझ्या छायाचित्रावर कोणी टीका केली, त्यात पूरग्रस्तांच्या दुःखाचे भांडवल केले आहे असे म्हणून ते छापले, तर मी एक शब्द बोलणार नाही. मात्र स्वतःचा छायाचित्रकार न पाठवता माझे छायाचित्र उचलून त्यावर जाहिराती चालवणारा जेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे नाव घेतो, तेव्हा तो माझ्या मजुरीचे पैसे बुडवत असतो.

कायद्यातील आणखी एक बारकावा इथल्या पत्रकार मित्रांना उपयोगी पडेल. कलम १७ नुसार वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक वर्तमानपत्राचा मालक असतो, पण तो वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरता. अन्य बाबतीत, उलट करार नसेल तर, हक्क ज्याने काम केले त्याच्याकडे राहतो. करारावर सही करताना हे बहुतेकांना माहीत नसते आणि सगळे हक्क एका ओळीत निघून जातात. गोदाकाठ यांना ज्या संस्थेने शुल्क मागितले आहे, त्या शुल्कातला किती भाग त्या उन्हातल्या कॅमेरामनपर्यंत पोहोचतो, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. हक्क निर्मात्यासाठी आहे असे सांगायचे आणि तो वापरायचा मात्र टीकाकाराला गप्प करण्यासाठी, हे मला निर्माता म्हणूनच मान्य नाही. माझ्या हक्काचा असा वापर झाला की उद्या लोकांचा त्या हक्कावरचाच विश्वास उडतो आणि त्याचा फटका मला बसतो.

तिसरी घंटा

काळा-पांढरा यांनी घटना आणि घटनेचे चित्रण यांत केलेला फरक आपल्याकडच्या एका महत्त्वाच्या खटल्यात तपासला गेला आहे, आणि तो मराठी रंगभूमीशी जोडलेला असल्यामुळे इथे सांगणे मला आवश्यक वाटते. १९८१ मध्ये इंडियन एक्सप्रेसचे पत्रकार अश्विनी सरीन यांनी बायकांची खरेदी-विक्री उघडकीस आणण्यासाठी स्वतः एका स्त्रीला विकत घेतले आणि त्यावर वृत्तमालिका लिहिली. त्या घटनेच्या आधारे विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिले आणि पुढे जगमोहन मुंदडा यांनी त्यावर चित्रपट काढला. वृत्तपत्राने मुंबई उच्च न्यायालयात चित्रपटाविरुद्ध मनाई मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. घटनेवर, कल्पनेवर किंवा बातमीतल्या माहितीवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद निकालात घालून दिलेले तत्त्व तिथे लागू झाले. तेंडुलकरांच्या नाटकात पत्रकार हा नायक नाही, त्याच्याच वृत्तीवर नाटक प्रश्नचिन्ह उभे करते. बातमीची मालकी वर्तमानपत्राकडे आहे असे न्यायालयाने मानले असते, तर बातमी मिळवण्याच्या त्या पद्धतीवर कलावंताला बोलताच आले नसते. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि स्वामित्वहक्क यांच्यातली खरी सीमारेषा मला या खटल्यात सर्वांत स्वच्छ दिसते.

विडंबनाची गोष्ट याहून अवघड आहे, कारण विडंबनकाराला कल्पनाच नव्हे तर मांडणीही उचलावी लागते. मूळ ओळखू आले नाही तर विडंबन होतच नाही. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी रविकिरण मंडळाच्या कवितेची जी विडंबने केली, त्यांत मूळ कवींची शब्दकळा, वृत्ते आणि लकबी जशाच्या तशा येतात, आणि मराठी वाचकाने ती काव्यसमीक्षा म्हणूनही वाचली. आपल्या अधिनियमात विडंबन हा शब्द कुठेही नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये तो कायद्यात स्पष्टपणे घातला, आपण अजून घातलेला नाही. न्यायालयाने मात्र वाट काढून दिली आहे. केरळमध्ये तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या साम्यवादी नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले, त्यात मूळ नाटकातली पात्रे आणि संवाद घेतले, आणि चळवळीने ज्यांच्या नावाने सत्ता मिळवली त्या भूमिहीनांचे काय झाले असा प्रश्न विचारला. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते टीकेच्या सदरात बसते असे मानले. किती आणि काय घेतले, कशासाठी घेतले आणि दोन कृतींत स्पर्धा होण्याचा संभव आहे का, ही न्यायवाचक यांनी सांगितलेली कसोटी याच निकालातून पुढे रूढ झाली. प्रतिनाटक पाहिल्याने मूळ नाटकाचे तिकीट कोणी टाळत नाही, हे त्यातले व्यवहारी सत्य आहे.

आता मला न्यायवाचक यांना एक प्रश्न विचारायचा आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. बौद्धिक संपदा या यादीत नाही. आणि पुण्याच्या ‘सकाळ’ने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले होते की वर्तमानपत्राची किंमत आणि पानांची संख्या सरकारने ठरवणे हा व्यवसायाच्या नियमनाचा भाग आहे, असे म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्य आखडता येणार नाही; निर्बंध १९(२) च्या यादीतूनच आला पाहिजे. मग स्वामित्वहक्काचा निर्बंध कोणत्या खिडकीतून आत येतो?

न्यायवाचक

प्रश्न रास्त आहे आणि विधी महाविद्यालयांत त्यावर बरीच चर्चा होते, पण या आधारावर स्वामित्वहक्क कायदा मोडीत निघेल अशी आशा कोणी बाळगू नये. कायदा विचार, माहिती आणि घटना सर्वांना मोकळ्या ठेवतो आणि दुसऱ्याने घडवलेली विशिष्ट मांडणी तेवढी राखून ठेवतो. त्यामुळे कोणाचेही मत अडत नाही, केवळ दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे वापरणे अडते, असे त्यावर सर्वसाधारणपणे उत्तर दिले जाते. मला हे उत्तर अर्धेच पटते. गोदाकाठ यांच्या प्रश्नात दाखवल्याप्रमाणे, दृश्यावरच्या टीकेत दृश्य हाच पुरावा असतो, आणि तो दाखवता आला नाही तर मत मांडता आले तरी सिद्ध करता येत नाही. म्हणूनच ‘सकाळ’ निकालाचा मी वेगळा उपयोग करीन: १९(२) च्या यादीत बौद्धिक संपदा नाही, तेव्हा हा कायदा संविधानाशी सुसंगत राहतो तो कलम ५२ मुळे, आणि म्हणून ते कलम आकसून वाचणे संविधानाला धरून होणार नाही. न्यायालयासमोर उभे राहिल्यावर हा युक्तिवाद वजनदार ठरू शकतो.

बोधचिन्हाबद्दलही सांगतो, कारण गोदाकाठ यांनी वाहिन्यांची बोधचिन्हे दाखवली आहेत आणि पुढची नोटीस ट्रेडमार्कची येऊ शकते. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे असे सांगणाऱ्या ग्रीनपीसने एक संगणकीय खेळ तयार केला होता, ज्यात कासवाला टाटांचे चिन्ह धारण केलेल्या राक्षसांपासून वाचायचे असते. टाटा सन्सने दहा कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावून खेळ थांबवण्याची मागणी केली. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तात्पुरती मनाई नाकारली. लोकहिताच्या विषयावरील टीका थोडी बोचरी किंवा अतिशयोक्त असली तरी खटला पूर्ण चालण्याआधी ती बंद करता येणार नाही, आणि टीकेसाठी चिन्ह वापरणे हा त्या चिन्हाचा बाजारी गैरवापर नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. मात्र सगळे निकाल एकाच दिशेचे नाहीत. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी खोबरेल तेलाच्या परीक्षणाचा एक यूट्यूब व्हिडिओ उतरवण्याचा आदेश दिला होता. मांडलेली माहिती पडताळलेली नाही आणि ट्रेडमार्कचा वापर उत्पादनाची नालस्ती करणारा आहे, ही त्यामागची कारणे होती. नंतर काही भाग बदलण्याच्या अटीवर त्या व्हिडिओकाराला खंडपीठाकडून दिलासा मिळाला. या दोन निकालांतून मी घेतलेला धडा असा की टीका कितीही कडक असू द्या, तिच्यातले तथ्य कागदोपत्री पक्के असले पाहिजे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काळा-पांढरा यांचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि त्यांच्यासारख्यांचे नाव दिल्याशिवाय एकही चौकट न वापरण्याचा माझा नियम पुढेही राहील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून हवे आहे. न्यायालयात माझी बाजू टिकेल असे गृहीत धरले तरी व्हिडिओ आज उतरलेला आहे, आणि कांद्याच्या लिलावाची चर्चा आठवड्यानंतर कोणी ऐकणार नाही. अशा वेळी शुल्क भरून मोकळे व्हावे असे जवळच्या दोघातिघांनी सुचवले आहे.

न्यायवाचक

तुमच्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग हाच आहे, आणि कायद्याचे अभ्यासकही बहुतेकदा याकडे पुरेसे पाहत नाहीत. पुस्तकातला कायदा तुमच्या बाजूने झुकतो. प्रक्रिया मात्र तक्रारदाराच्या बाजूने झुकते. तक्रार करणाऱ्याला एक अर्ज भरावा लागतो आणि व्हिडिओ उतरतो. तो परत चढवण्याचे सगळे ओझे तुमच्यावर येते. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनलच बंद होते. म्हणजे रास्त वापर झाला की नाही हे ठरण्याआधीच शिक्षा भोगून होते, आणि परवान्याच्या शुल्काची मागणी नेमकी या भीतीवर उभी असते.

यूट्यूबची ही व्यवस्था अमेरिकी कायद्यावर बेतलेली आहे, म्हणून त्याच कायद्यातला उपाय आधी पाहा. तुम्हाला प्रतिसूचना, म्हणजे काउंटर नोटिफिकेशन, दाखल करता येते. ती दाखल झाल्यावर तक्रारदाराने कामकाजाच्या दहा दिवसांत न्यायालयीन कारवाई सुरू केल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ पूर्ववत होतो. यात दोन गोष्टींची जाणीव ठेवा: तुमचे खरे नाव आणि पत्ता तक्रारदाराला कळतो, आणि अमेरिकेतील न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला तुम्ही संमती देत असता. तेथील नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल या प्रकरणात म्हटले आहे की तक्रार पाठवण्यापूर्वी हा वापर रास्त तर नाही ना, याचा विचार हक्कदाराने केलाच पाहिजे. ते प्रकरण एका आईने आपल्या नाचणाऱ्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, त्यात मागे गाणे वाजत होते, एवढ्यावरून उभे राहिले होते. तुमच्या प्रतिसूचनेत या निकालाचा उल्लेख अवश्य करा.

भारतीय कायद्यातही वेळेची मर्यादा आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. कलम ५२(१)(ग) आणि २०१३ च्या नियमांतील नियम ७५ एकत्र वाचले तर असे दिसते की लेखी तक्रार आल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने (म्हणजे यूट्यूबसारख्या, इतरांचा मजकूर ठेवणाऱ्याने) ३६ तासांत मजकूर रोखायचा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. म्हणजे कायमचे काढून टाकणे न्यायालयाच्या आदेशाशिवाय अपेक्षितच नाही. तीन आठवडे हा बातमीच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे हे मला कळते, आणि ही तरतूद बदलली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. किमान टीका आणि वार्तांकन यांच्या बाबतीत तरी रोखण्याआधी समोरच्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

दुसरे हत्यार कलम ६० चे आहे. हक्कभंगाच्या आधाराशिवाय कोणी कारवाईची धमकी देत असेल, तर धमकी मिळालेल्या व्यक्तीला आपण हक्कभंग केलेला नाही अशी घोषणा न्यायालयाकडून मागता येते, धमक्या थांबवण्याचा हुकूम मिळवता येतो आणि नुकसान झाले असल्यास भरपाईही मागता येते. समोरच्याने खरोखर दावा लावून तो तत्परतेने चालवला तर हे कलम मागे पडते, पण तेव्हा निदान प्रश्न न्यायाधीशांसमोर तरी जातो. मागणीचा ईमेल जपून ठेवा. रक्कम, तारीख आणि ‘शुल्क भरल्यास तक्रार मागे घेऊ’ हे शब्द या कलमाखाली पुरावा म्हणून उपयोगी पडतील.

तुम्हाला भीती दाखवण्यासाठी कलम ६३ चा उल्लेख होण्याची शक्यता आहे, म्हणून त्याविषयीही सांगतो. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. व्यापारी चोरी रोखण्यासाठी आणलेले हे कलम समीक्षकांच्याही डोक्यावर राहते, हे मला अतिशय अनुचित वाटते. पण जो वापर कलम ५२ मध्ये बसतो तो हक्कभंगच नसतो, आणि हक्कभंग नसेल तर गुन्हाही नसतो. त्यामुळे तुमच्यासारख्या प्रामाणिक समीक्षकाने या कलमाच्या नावाने घाबरून शुल्क भरण्याचे कारण नाही.

शुल्क भरावे का, यावर माझे मत स्पष्ट आहे. परवाना घेतला की यापूर्वीचा वापर परवान्याशिवायचा होता असे मान्य केल्यासारखे होते, पुढच्या वर्षी तेच शुल्क पुन्हा येते, आणि परवान्याच्या अटींत टीकेवर बंधन घालणारे कलम असू शकते. अट वाचल्याशिवाय सही करू नका, आणि माझे ऐकाल तर आधी प्रतिसूचना दाखल करा.

काळा-पांढरा

गोदाकाठ, माझी एक सूचना आहे. त्या क्लिपमध्ये दिसणारे चित्रण कोणत्या कॅमेरामनचे आहे हे शोधता आले तर त्याला थेट विचारा. आमच्या क्षेत्रातली बहुतेक माणसे आपल्या कामावर झालेल्या चांगल्या टीकेने दुखावत नाहीत. त्याच्या संमतीने कायदेशीर प्रश्न सुटणार नाही, कारण हक्क बहुधा संस्थेकडे असेल, पण तुमचा वाद कामगाराशी नाही हे तुम्हालाही आणि त्यालाही कळेल.

तिसरी घंटा

प्रतिसूचना मराठीत लिहिली तर चालेल का, की इंग्रजीच हवी? इथे अनेक छोटे निर्माते याच पायरीवर अडतात आणि केवळ अर्जाच्या भाषेमुळे माघार घेतात.

न्यायवाचक

प्रतिसूचना तक्रारदाराकडेही जाते आणि वाद वाढला तर न्यायालयातही लागते, म्हणून इंग्रजीत लिहिणे व्यवहारात सोयीचे पडते. पण मजकूर लांबलचक असण्याची गरज नाही. व्हिडिओचा दुवा, तो चुकीच्या समजुतीने उतरवला गेला आहे असे प्रतिज्ञेवर केलेले विधान, प्रत्येक क्लिप व्हिडिओत कोणत्या मिनिटाला येते आणि तिच्यानंतर कोणते विवेचन आहे याची नोंद, कलम ५२(१)(क) आणि ३९ चा उल्लेख, अधिकारक्षेत्राला वर सांगितलेली संमती, नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि सही एवढे पुरते. गोदाकाठ, क्लिप आणि विवेचन यांचा तक्ता तुम्ही मराठीत करून इथे टाका. इंग्रजी मसुदा मी आणि इथले आणखी कोणी वकील मित्र मिळून तयार करू, म्हणजे पुढे ज्यांच्यावर अशीच वेळ येईल त्यांनाही तो वापरता येईल.

गोदाकाठ

तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत टाकतो. शुल्क भरणार नाही, असे आजच ईमेलने कळवले आहे.